घरच्या घरी पोके बाउल: कोळंबी, माकुल आणि टोफू

हवाईतल्या होनोलुलू शहरात फूडलँडसारख्या किराणा दुकानात मासळीच्या काउंटरवर काचेमागे ओळीनं ट्रे मांडलेले असतात. एकात सोया सॉसमध्ये घोळलेले ट्यूनाचे लालबुंद चौकोनी तुकडे, दुसऱ्यात उकडलेला ऑक्टोपस, तिसऱ्यात शिंपल्यांचं मांस आणि बहुतेक ठिकाणी एका कोपऱ्यात टोफूसुद्धा. गिऱ्हाईक वजनावर घेतं, नाहीतर गरम भातावर घालून मागतं. हे पोके. हवाई बेटांवरचं रोजचं, साधं खाणं. आपल्याकडच्या हॉटेलांत त्यावर आंबा, मका, डाळिंब, तीन प्रकारचे सॉस असा थर चढतो आणि खालची मासळी शोधावी लागते. घरी करताना आपण उलट्या बाजूनं जाऊ. आधी मासळी आणि टोफू नीट जमवू, बाकी सगळं त्यांच्या सोबतीला.

पहिल्यांदा करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मासे कच्चे खायचे का? या लेखातल्या पाककृतीत नाही. कोळंबी आणि माकुल, म्हणजे स्क्विड, उकळत्या पाण्यातून काढायची आहे, टोफू परतायचा आहे. ही तडजोड नाही. हवाईत ऑक्टोपसचं पोके शिजवूनच करतात आणि त्याला कोणी कमी लेखत नाही. कच्च्या माशाबद्दल मात्र खरेदीला जाण्याआधीच थोडं सविस्तर बोललं पाहिजे.

कच्चा मासा तिथे का चालतो

१७७८ मध्ये कॅप्टन कुक तिथे पोचला त्याच्या कितीतरी आधीपासून हवाईचे मूळ रहिवासी खडकाळ किनाऱ्यावरचे मासे कापून, समुद्राचं मीठ, लिमू नावाचं समुद्री शेवाळ आणि कुकुई नावाच्या झाडाच्या भाजून कुटलेल्या बिया लावून खात. मासा पाण्यातून निघायचा आणि तासाभरात पोटात जायचा. पुढे एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजूर आले. १८५२ पासून चिनी, १८६८ मध्ये पहिले जपानी आणि १८८५ पासून मोठ्या संख्येनं. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोरियन आणि फिलिपिनो. सोया सॉस, तिळाचं तेल आणि खालचा गरम भात हे सगळं या मजुरांच्या स्वयंपाकघरातून पोकेत आलं. खोल समुद्रातला अही, म्हणजे मोठा ट्यूना, हा आजच्या पोकेचा मुख्य मासा.

हा अही कच्चा खाता येतो त्यामागे एक अख्खी साखळी आहे. मासा बोटीवरच बर्फात जातो. होनोलुलूच्या पिअर ३८ या धक्क्यावर पहाटे लिलाव होतो, तिथे प्रत्येक मोठा मासा वेगळा मांडलेला असतो. शेपटीजवळ काप देऊन आणि आतल्या मांसाचा नमुना काढून ठेवलेला असतो. घेणारा रंग, चरबी, ताजेपणा पाहूनच बोली लावतो. तिथून दुकानापर्यंत बर्फ सुटत नाही. कच्चं खाण्याचा भरवसा त्या बर्फावर आणि त्या तपासणीवर उभा असतो.

आपल्या मासळी बाजाराची रचना वेगळी आहे. इथला मासा तळायला, कालवणाला जातो, आणि त्यासाठी तो उत्तमच असतो. पण ससून डॉकवर सकाळी उतरलेली मासळी टोपलीतून, टेम्पोतून, उघड्या फळीवरून आपल्या पिशवीत येईपर्यंत किती वेळ बर्फाबाहेर होती हे कोणी सांगू शकत नाही. ट्यूनाच्या कुळातला आपला कुपा आणि रोजचा बांगडा यांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं. हे मासे उबेत राहिले की त्यांच्या मांसात जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं. त्यानं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवल्यानं जात नाही आणि गोठवल्यानंही जात नाही. म्हणजे हे मासे तळायचे असले तरी बर्फातलेच घ्यायला हवेत.

‘लिंबू पिळलं की मासा शिजतो’ हे खूप ठिकाणी ऐकायला मिळतं. लिंबानं मांस पांढरं आणि घट्ट होतं, हे खरं. पण जंत किंवा जिवाणू मारण्यासाठी त्याच्यावर विसंबू नये. गोठवण्याचंही तसंच. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे माशातले जंत मरायला उणे २० अंश सेल्सिअसला सलग ७ दिवस ठेवावं लागतं. घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा दिवसभर उघडझाप होत असताना तेवढं तापमान धरून ठेवत नाही. शिवाय गोठवण्यानं जंत मरतात, जिवाणू नुसते थांबतात.

तेव्हा मुंबई, पुणे, रत्नागिरी, पणजी, कुठेही असा, नेहमीच्या बाजारातला मासा कच्चा वापरू नका. रोहू-कटल्यासारखे गोड्या पाण्यातले मासे, तिसऱ्या, कालवं हे तर मुळीच नाही. शिंपल्यातले जीव पाणी गाळून जगतात आणि पाण्यात जे असेल ते अंगात साठवतात.

सिंगापूर, न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना जपानी दुकानात कच्चं खाण्यासाठीच विकलेला ट्यूना किंवा सॅमन मिळतो. तो घेतलात तर दुकानदाराला सरळ विचारा: हा कच्चा खाण्यासाठी आहे का, आधी गोठवलेला होता का, कधी कापला? पाकिटावरच्या ‘सुशी ग्रेड’ या शब्दांना अमेरिकेत कायद्याची व्याख्या नाही, त्यामुळे विश्वास शिक्क्यावर न ठेवता दुकानावर ठेवायचा. बर्फाच्या पिशवीतून घरी आणायचा, त्याच दिवशी खायचा. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना कच्चा मासा वाढू नये, मग तो कितीही चांगल्या दुकानातला असो.

काय काय आणायचं

चौघांच्या जेवणासाठी हे प्रमाण पुरतं. कोळंबी मध्यम आकाराची, डोकं-सालासकट ४५० ग्रॅम, साफ केल्यावर ती जवळपास निम्मी उरते. माकुल २५० ग्रॅम. घट्ट टोफू २०० ग्रॅम. तांदूळ ३०० ग्रॅम. सोया सॉस ४ मोठे चमचे, भाजलेल्या तिळाचं तेल २ छोटे चमचे, किसलेलं आलं १ छोटा चमचा, एक लहान कांदा, कांद्याच्या पातीच्या तीन-चार काड्या, अर्धा छोटा चमचा कुटलेली लाल मिरची, २ मोठे चमचे पांढरे तीळ, आठ काजू, दोन अक्रोड, नोरीचे, म्हणजे सुकवलेल्या समुद्री शेवाळाचे, दोन कागद. वरून घालायला एक काकडी, एक पिकलेला अवोकॅडो आणि पांढरा मुळा.

कोळंबी घेताना डोकं धडाला घट्ट चिकटलेलं हवं. डोकं लोंबत असेल, काळं पडलं असेल किंवा नाकाला झोंबणारा वास येत असेल तर पुढच्या फळीवर जा. माकुल पांढरी, चकचकीत, अंगावर बारीक ठिपके असलेली चांगली. गुलाबी पडलेली माकुल शिळी असते. कोळणीला सांगितलंत तर ती माकुलीची शाई, आतली काचेसारखी पट्टी आणि वरची साल काढून देते. ‘मावशी, कालवणाला नको, उकडून थंड खायची आहे’ एवढं सांगावंच. त्यांना माल कळतो, आणि कशासाठी हवं ते कळलं की त्या त्यातलं बरोबर काढून देतात.

जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत गोठवलेली, सोललेली कच्ची कोळंबी खुशाल वापरा. ती रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटू द्यायची. घाई असेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात ठेवायची. ओट्यावर उघडी ठेवून नाही.

टोफूचं पाकीट घेताना ‘फर्म’ किंवा ‘एक्स्ट्रा फर्म’ पाहा. आपल्याकडे काही दुकानांत तो सोया पनीर या नावानंही मिळतो. मऊ, रेशमी टोफू या कामाला येत नाही, घोळताना त्याचा चुरा होतो. दुधाचं पनीर घातलं तर खायला वाईट लागणार नाही, पण दुधाची गोडी सोया सॉसच्या खारटपणाशी भांडते आणि पनीर रस शोषत नाही. म्हणून टोफूच.

आता दोन बाटल्यांबद्दल. सोया सॉस पातळ, लालसर-तपकिरी, मुरवून केलेला घ्या. चायनीजच्या गाडीवरचा काळा, दाट सॉस इथे घातला तर रंग आणि खारटपणा यांशिवाय काही हाती लागत नाही. गव्हाचं वावडं असेल तर सोया सॉसऐवजी गव्हाविना केलेलं तामारी. तिळाचं तेल घेताना आपल्याकडचं फिकट, कच्च्या तिळाचं घाण्याचं तेल नको. आशियाई सामानाच्या दुकानात मिळणारं, तीळ भाजून काढलेलं, गडद मधासारख्या रंगाचं तेल हवं. त्याचा वास तीव्र असतो, म्हणून दोनच छोटे चमचे. पोकेचा ओळखीचा सुवास याच तेलाचा, आणि याला पर्याय नाही. फार तर तीळ खमंग भाजून कुटून थोडा जवळ जाणारा वास मिळवता येतो.

टोफू आधी

सुरुवात टोफूनं करायची, कारण मुरायला त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो. साधारण दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा. लिटरभर पाणी उकळून त्यात दोन छोटे चमचे मीठ घाला, गॅस बंद करा आणि तुकडे त्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. टोफू पाण्यात ठेवून कोरडा करायचा हे ऐकायला उलटं वाटतं, पण खारट गरम पाण्यानं तुकड्याच्या कडा आवळतात, कच्चट वास जातो आणि आतपर्यंत थोडं मीठ पोचतं. नंतर सुती पंचावर पसरून दहा मिनिटं निथळू द्या आणि वरून हलकेच टिपा.

नॉनस्टिक किंवा चांगला मुरलेला बिडाचा तवा तापवून एक मोठा चमचा तेल घाला. तुकडे एकमेकांना न चिकटवता मांडा आणि हलवू नका. खालची बाजू सोनेरी झाली की ती आपोआप सुटते. दोन-तीन बाजू अशा झाल्या की पुरे. कॉर्नफ्लोअर लावून कुरकुरीत करायचा मोह टाळा. पाच मिनिटांनी तो सॉसमध्ये भिजणार आहे आणि त्यावर पिठाचा चिकट थर तेवढा उरेल.

गार झालेल्या तुकड्यांवर एक मोठा चमचा सोया सॉस आणि अर्धा छोटा चमचा तिळाचं तेल घालून हलक्या हातानं घोळा, झाका आणि फ्रीजमध्ये ठेवा. अर्धा तास तरी.

भात

हवाईत पोकेखाली साधा, वाफाळता, जपानी धाटणीचा आखूड दाण्याचा चिकट भात असतो. सुशीसारखा व्हिनेगर-साखर घातलेला भात बाहेरच्या हॉटेलांत दिसतो, पण तो आवश्यक नाही. मला साधाच आवडतो, कारण सगळा खारटपणा वरून येत असतो आणि खाली शांत चव लागते.

आपल्याकडे यासाठी इंद्रायणी आहे. मावळातला हा तांदूळ आंबेमोहराच्या कुळातला, मऊ आणि शिजल्यावर दाण्याला दाणा धरणारा. जपानी तांदळासाठी महाग पाकीट शोधत फिरण्याची गरज नाही. इंद्रायणीला स्वतःचा सुवास असतो, तो जपानी तांदळाला नसतो, एवढा फरक. बासमती मात्र नको. मोकळ्या दाण्यावर सॉस ठरत नाही, खाली तळाशी जाऊन बसतो.

तांदूळ तीन-चार पाण्यांतून धुवा, वीस मिनिटं भिजवा, निथळून घ्या. नव्या तांदळाला दीडपट पाणी, जुन्याला पावणेदोनपट. जाड बुडाच्या पातेल्यात उकळी आणा, घट्ट झाकण लावा, आच अगदी मंद करा, बारा मिनिटं ठेवा. गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. कुकरमध्ये लावणार असाल तर पाणी रोजच्यापेक्षा थोडं कमी घाला, वरण-भातासाठी करतो तसा गिच्च भात इथे जड होतो. भात वाढेपर्यंत कोमट राहायला हवा. खाली ऊब आणि वर गारवा, या जोडीत निम्मी मजा आहे.

कोळंबी आणि माकुल: इथे घड्याळ पाहायचं

पोकेत सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवं. सॉस कमी-जास्त झाला तर सुधारता येतो, रबर झालेली कोळंबी सुधारता येत नाही.

कोळंबी सोला, पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढा, धुवा. माकुलीच्या नळीची एक सेंटिमीटर रुंदीची कडी कापा, झुपक्यासारखे पाय असतील तर ते अख्खे ठेवा. एका मोठ्या भांड्यात भरपूर बर्फ आणि पाणी तयार ठेवा. हे आधी करायचं, नंतर नाही, कारण पुढचं सगळं सेकंदांत होतं.

दोन लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ आणि आल्याचे दोन-तीन काप घालून खळखळ उकळी आणा. आधी माकुल घाला. ४५ ते ६० सेकंद, जास्त नाही. कडी पांढरीशुभ्र आणि अपारदर्शक झाली की झाऱ्यानं काढून लगेच बर्फाच्या पाण्यात. माकुलीचा स्वभाव विचित्र आहे: मिनिटभरात ती मऊ असते, मग चिवट होते आणि पुन्हा मऊ व्हायला अर्ध्या तासाहून जास्त शिजवावी लागते. मधल्या वेळात कुठेही थांबलात तर चावत बसाल.

पाण्याला पुन्हा जोरात उकळी आली की कोळंबी घाला आणि आच मंद करा. मध्यम कोळंबीला दोन-अडीच मिनिटं. रंग पूर्ण केशरी-गुलाबी, सगळ्यात जाड जागी मांस पांढरं आणि आकार अर्धगोल. शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकून पूर्ण वर्तुळ झालं तर वेळ उलटून गेली. शंका आली तर एक कोळंबी काढून मधोमध कापून पाहा, आत राखाडी, पारदर्शक रेघ दिसायला नको. तीही बर्फाच्या पाण्यात.

गार झाल्यावर सगळं चाळणीत निथळून, स्वच्छ पंचानं अक्षरशः टिपून कोरडं करा. माकुलीच्या कड्यांच्या आत पाणी अडून बसतं, तिथे बोट घालून टिपा. ओलेपणा राहिला की सॉस पातळ होतो आणि मग आपण आणखी सॉस ओततो, आणि मग सगळं खारट लागतं. बेचव किंवा खारट पोकेमागे बहुतेक वेळा हे पाणीच असतं. कोळंबीचे दोन-दोन तुकडे करा, म्हणजे टोफूच्या तुकड्याएवढे होतील. सगळं एका आकाराचं असलं की चमच्यात एका वेळी तिन्ही येतात. आता फ्रीजमध्ये.

कुकुईऐवजी काजू-अक्रोड, कात्सुओबुशीऐवजी जवळा

जुन्या पद्धतीच्या पोकेत इनामोना घालतात, म्हणजे कुकुईच्या बिया भाजून, मीठ घालून कुटलेला ओबडधोबड चुरा. कुकुई हा हवाईचा राज्यवृक्ष. त्याच्या तेलकट बिया पूर्वी काडीत ओवून दिव्यासारख्या जाळत. कच्च्या बियांनी पोट बिघडतं, म्हणून त्या भाजूनच वापरतात. आपल्याला त्या शोधण्याची गरज नाही. काजू मंद आचेवर गडद सोनेरी होईपर्यंत भाजा, शेवटी अक्रोड घाला आणि पाव छोटा चमचा जाडं मीठ टाकून खलबत्त्यात भरड कुटा. काजूचा स्निग्धपणा आणि अक्रोडाचा किंचित कडवटपणा मिळून हवी ती चव जवळपास साधते. मिक्सरमध्ये घातलंत तर तेल सुटून लगदा होतो.

दुसरी गोष्ट फुरिकाके. जपानी घरांत भातावर भुरभुरायचं हे सुकं मिश्रण हवाईतही घराघरांत असतं. त्यात नोरी, तीळ, मीठ, साखर आणि बहुतेक वेळा कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचे पातळ काप. इथे आपल्याकडे एक फार चांगली वस्तू आहे: जवळा. दोन मोठे चमचे सुका जवळा निवडून, कोरड्या तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत भाजा आणि गार झाल्यावर बारीक कुटा. नोरीचा कागद आचेवर झटकन फिरवून चुरा. एक मोठा चमचा भाजलेले तीळ, चिमूटभर साखर, चिमूटभर मीठ. सगळं एकत्र करून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. कोकणात सुकटीची चटणी खाऊन वाढलेल्या जिभेला हे काही परकं लागणार नाही. उरलेलं आठवडाभर साध्या वरणभातावरही चालतं.

लिमू ताजं मिळणं कठीण. नोरीवर भागवा किंवा सुकं वाकामे (हेही समुद्री शेवाळच) पाच मिनिटं पाण्यात फुलवून घट्ट पिळून घाला. आपल्या किनाऱ्यावर खडकांना लागलेलं शेवाळ मात्र स्वतः तोडून आणू नका. जात ओळखणं आणि पाणी स्वच्छ असणं या दोन्ही गोष्टी माहीतगार माणसाच्या आहेत.

घोळणं

जेवायला बसण्याआधी दहा मिनिटं. त्याआधी नाही. सोया सॉस मासळीतलं पाणी बाहेर खेचतो, तासभर ठेवलं तर तुकडे आकसतात आणि तळाशी खारट पाणी साचतं.

कांदा कागदासारखा पातळ उभा चिरून पाच मिनिटं गार पाण्यात ठेवा आणि निथळा, म्हणजे उग्रपणा जातो. मोठ्या भांड्यात तीन मोठे चमचे सोया सॉस, दीड छोटा चमचा तिळाचं तेल, आलं आणि लाल मिरची एकत्र करा. त्यातला निम्माच आधी मासळीवर घाला. कांदा, पातीचा हिरवा भाग आणि मुरलेला टोफू घालून खालून वर असं हातानंच घोळा, चमच्यानं टोफू मोडतो. एक तुकडा खाऊन पाहा. मग उरलेला सॉस लागेल तसा. भातासोबत खायचं असल्यामुळे नुसतं खाताना किंचित जास्त खारट लागलं पाहिजे, पण भांड्यात रस वाहायला नको. शेवटी भाजलेले तीळ आणि काजू-अक्रोडाचा निम्मा चुरा.

लिंबू यात पिळायचं नाही. ज्याला हवं त्यानं आपल्या वाडग्यात फोड पिळावी. आंबटपणा आधीच घातला तर तिळाच्या तेलाचा वास दबतो.

झणझणीत आवडत असेल तर दोन मोठे चमचे मेयोनीज आणि एक छोटा चमचा लाल मिरचीचा सॉस मिसळून वेगळं ठेवा. हवाईतही ट्यूनाचा असा मसालेदार प्रकार लोकप्रिय आहे. पण पहिल्या खेपेला त्याशिवाय करून पाहा, नाहीतर कोळंबी कशी झाली हे कळणारच नाही.

वाडगा लावणं

खोल वाडग्यात तळाशी कोमट भात, दाबून नाही, सैल. त्यावर थोडं जवळ्याचं फुरिकाके. मग पोके भाताच्या निम्म्या भागावर रचून घाला, सगळीकडे पसरवू नका. बाजूला काकडी: बिया काढून, अर्धचंद्राकृती काप करून, मीठ लावून पाच मिनिटांनी पिळलेली. अवोकॅडोचे मोठे तुकडे. मुळ्याच्या पातळ चकत्या. वरून उरलेला चुरा आणि पात.

एवढंच. वर तीनपेक्षा जास्त गोष्टी घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. एक कुरकुरीत, एक मऊ, एक तिखटसर, की काम झालं. अवोकॅडो महाग वाटला तर सोडून द्या. कोवळी शहाळ्याची मलई हे त्याच्या जागी फार छान जातं, गोडसर आणि मऊ. मक्याचे दाणे, डाळिंब, चीज यांना इथे काम नाही.

घरात कोणी मासे खात नसेल तर टोफू ४०० ग्रॅम घ्या, सोबत अळंबी जाड कापून तव्यावर पाणी आटेपर्यंत परता आणि तोच सॉस. त्यांच्यासाठी फुरिकाके जवळ्याशिवाय वेगळं काढा, आणि भांडी, सुरी, पंचाही वेगळा. पाहुण्यांना वाढण्याआधी कोळंबी, सोया, तीळ आणि सुक्या मेव्याची अॅलर्जी आहे का हे विचारून घ्या. या एका वाडग्यात चारही आहेत.

उरलं तर

घोळलेलं पोके जेवण झाल्याबरोबर फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तासाभराच्या वर नाही. भातसुद्धा तसाच, उघड्यावर उबेत राहिलेल्या भातात पोट बिघडवणारे जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. त्यामुळे डब्यात न्यायचं असेल तर बर्फाच्या पिशवीशिवाय नेऊ नये. कच्च्या माशाचं पोके असेल तर ते डब्यासाठी नाहीच, आणि त्यातलं उरलेलं दुसऱ्या दिवशी गार खायचंही नाही.

शिजवलेल्या कोळंबी-टोफूचं पोके फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतं, पण गार खाण्यात तेव्हा मजा उरत नाही. हवाईत फ्रीजमधलं उरलेलं पोके कडक तापलेल्या तव्यावर झटपट परतून खातात, तेच करा. तवा धूर येण्याइतका तापवा, चमचाभर तेल घाला, पोकेतला रस बाजूला काढून तुकडे तव्यावर टाका. मिनिटभर, वाफ पूर्ण आतपर्यंत गेली की गार भात मोकळा करून त्यातच घाला, बाजूला काढलेला रस कडेनं ओता आणि भात चांगला गरम होईपर्यंत परता. वरून एक तळलेलं अंडं.